पुरचुंडीतलं बी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत हिवाळ्यातल्या परसबागेवर पानभर मजकूर आला होता. माझा चष्मा दुरुस्तीला टाकलाय, म्हणून बायकोने तो मोठ्याने वाचून दाखवला. फोटो फार छान होते असं ती म्हणाली. वाचता वाचता ती दोनदा थांबली. पहिल्यांदा ‘१ ऑक्टोबरला वाफे तयार ठेवा’ इथे. दुसऱ्यांदा ‘बियाणं दर वर्षी नवीन पाकिटातलं आणा’ इथे. पहिल्या वेळी ती हसली. म्हणाली, “अहो, आधी भात तरी कापू द्या म्हणावं.” दुसऱ्या वेळी हसली नाही. त्या दुसऱ्या वाक्यासाठी हे पत्र लिहितोय.

मी अलिबाग तालुक्यातला. एसटीत ३१ वर्षं चालक होतो, २०१९ ला निवृत्त झालो. बागेतलं मला जे कळतं ते गेल्या पाच-सहा वर्षांत कळलेलं आहे, त्याआधी परसातलं सगळं आईच्या आणि बायकोच्या हातात होतं. मी फक्त खाणारा. तेव्हा तज्ज्ञ म्हणून नाही, कळायला उशीर झालेला माणूस म्हणून हे वाचावं.

आधी तारखेचं सांगतो, ते लवकर संपेल. १ ऑक्टोबरला आमच्याकडे हस्ताचा पाऊस चालू असतो. भात उभं असतं, परसात पाय टाकला तर घोट्यापर्यंत चिखल. तुमच्या लेखात ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’ ही म्हण कौतुकाने दिलीय. देशावरच्या रब्बीला ती खरीच आहे. पण आमच्याकडे स्वाती पडली तर कापून पसरलेल्या भाताला तिथल्या तिथे कोंब येतात आणि पेंढा काळा पडतो. यंदा दिवाळीचे कंदील लावले तेसुद्धा प्लॅस्टिक गुंडाळून. एकच पाऊस, घाटाच्या वर त्याचे मोती, घाटाखाली डोळ्यांत पाणी. म्हणून आमचा हिवाळा तारखेने सुरू होत नाही. तो वापशाने होतो, म्हणजे माती खणण्याजोगी सुकली की. मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू करायचा, कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. चिकटून राहिला तर थांबा, फुटला तर कुदळ आणा. आईची परीक्षा होती ही. यंदा तो लाडू नोव्हेंबरचा पहिला आठवडा संपल्यावर फुटला.

आणखी एक खूण आहे ती वाऱ्याची. पावसाळाभर समुद्राकडून येणारा खारा वारा अंगाला चिकटतो. मग एका पहाटे उठावं तर वारा डोंगराकडून येतोय, कोरडा, मतलई. त्या दिवशी बायको ओटीवरचं कांबळं बाहेर काढते आणि मला न्हाणीच्या चुलाणाशी धाडते. उन्हाळ्यात गोळा केलेल्या झावळ्या, पोया, करवंट्या पावसाळाभर पडवीत सुकवलेल्या असतात, त्यांचा खप आता सुरू होतो. गॅस आहे घरात, गीझरही मुलाने बसवून दिलाय. पण चुलाणाची राख लागते. राख कशाला लागते ते पुढे येईलच.

सध्या आमच्या परसात काय चाललंय ते सांगतो. घराच्या मागे पाच-सहा गुंठे जागा आहे. दोडक्या-पडवळाचा मांडव उतरवला, त्याच्या काठ्या टोमॅटोला लावायला बाजूला ठेवल्या. अळूची मोठी पानं संपली, कंद राखून बाकी उपटलं. करांद्याचा वेल वाळला तेव्हा त्याला लागलेले करांदे काढले, त्यांतले अर्धे उकडून खाल्ले. कडवट लागतात, नातवंडं तोंड वाकडं करतात, मला आवडतात. कोनफळ अजून जमिनीत आहे. लाल माठाचं आणि मुळ्याचं बी फेकून झालंय. माठाचं बी मोहरीपेक्षा बारीक, मुठीतून सुटलं की एकाच जागी पडतं, म्हणून बारीक वाळूत मिसळून फेकायचं. तेवढं केलं तरी मुंग्या रांगेने न्यायला येतातच, मग वाफ्याच्या कडेने राखेची रेघ. आणि कोंबड्या! कोंबडीला नुकता पेरलेला वाफा म्हणजे मांडवातली पंगत. यावर आमच्या पट्ट्यात एकच उपाय आहे, कोळीवाड्यातून आणलेलं फाटकं जाळं. मासे धरून थकलेलं जाळं आमच्या वाफ्यावर पसरतं आणि आणखी चार वर्षं नोकरी करतं. वानरांना मात्र जाळ्याचं काही वाटत नाही. त्यांच्यावर उपाय असेल तर तो छापा, मी कात्रण काढून ठेवीन.

भात काढून झालं की खाचरात वाल. नांगरट फार करायची नाही, ओल उडते. कापणीच्या मागोमाग, माती अजून थंड आहे तोवर टोकायचे. पुढे पाणी द्यावं लागत नाही. खालची ओल आणि वरचं दव, त्यावर वाल पोसतात. आमच्याकडचे कडवे वाल, त्यांचं बिरडं, आणि थंडी कडक झाली की पोपटी. पोपटीबद्दल तुमच्याकडे दर जानेवारीत लेख येतो, त्यात चिकनचा फोटो मोठा आणि शेंगा कोपऱ्यात असतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. तेल नाही, पाणी नाही. मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवायचा. बाकी अंडी, बटाटे, कोंबडी हे पाहुणे. शेंग चांगली नसेल तर पोपटीला काही अर्थ नाही, आणि शेंग चांगली व्हायची तर बी चांगलं हवं. आता बियाण्याकडे येतो.

आमचं घर कौलारू होतं. स्वयंपाकघराच्या वर माळा, खाली चूल. आईचं सगळं बी त्या माळ्यावर धुरात असायचं. वालाचं मडकं, बी राखेत घोळवलेलं, तोंड शेणमातीने लिंपलेलं, म्हणजे भुंगा शिरत नाही. वाळलेल्या दुधीचा एक तुंबा, त्याच्या मानेला भोक पाडून आत माठ, मुळा, वांगी, मिरची, एकेक चिंधीत बांधून. कुठल्या चिंधीत काय ते आईला गाठीवरून कळायचं. एक गाठ माठ, दोन गाठी वांगं, अशी काहीतरी पद्धत होती. मी कधी विचारलं नाही. भोपळ्याचं आणि तवशाचं, म्हणजे पावसाळी मोठ्या काकडीचं, बी राखेत चोळून, शेणाच्या गोळ्यात दाबून भिंतीवर चिकटवलेलं. लहानपणी ते गोळे मी नखाने उकरून काढायचो आणि मार खायचो. आणि तवशी! पावसाळ्याच्या शेवटी पिकून तांबूस झालेली, हाताएवढी लांब तवशी सुंभात अडकवून माळ्याच्या वाशांना लटकवायची. डिसेंबरपर्यंत टिकायची. नव्या भाताच्या कण्या घरात आल्या की त्यातलं एक फोडून, किसून, गूळ घालून धोंडस. वरून खालून निखारे. पुढच्या वर्षाचं बी त्याच तवशाच्या पोटातून निघायचं.

कांद्याचं बी मात्र माळ्यावर वर्षापेक्षा जास्त कधी राहिलं नाही, कारण राहून उपयोगच नसतो. वालाचं बी दोन-तीन वर्षं दम धरतं. कांद्याचं एकाच वर्षात म्हातारं होतं, दुसऱ्या वर्षी मूठभर टाकावं तेव्हा चिमूटभर उगवतं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपणही बातमी दिली होती, माळा विणणाऱ्या बाईच्या फोटोसकट. त्या बातमीत एक गोष्ट नव्हती. हा कांदा टिकतो तो कुणीतरी दर वर्षी न चुकता त्याचं बी धरतं म्हणून. मार्चमध्ये निघालेल्या कांद्यांतले सारख्या आकाराचे, एकाच डोळ्याचे, बारीक मानेचे गोट, म्हणजे बियाण्यासाठी राखायचे कांदे, वेगळे काढायचे. त्यांची माळ कुणी कितीही पैसे देऊ केले तरी विकायची नाही. नोव्हेंबरमध्ये ते गोट पुन्हा जमिनीत लावायचे. थंडीत त्यांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात, डेंगळ्यांवर पांढऱ्या फुलांचे चेंडू, त्यांवर मधमाश्या, आणि उन्हाळा लागता लागता काळं बी. त्याच मधमाश्या शेजारच्या लाल कांद्यावरही बसतात, म्हणून किलोमीटरभरात लाल कांद्याचे डेंगळे नकोत. नाहीतर पुढच्या वर्षी पांढऱ्यात गुलाबी मिसळ निघते. म्हणजे एका घराने नीट धरून भागत नाही, अख्ख्या गावाने धरावं लागतं.

आई फेब्रुवारी २०२० मध्ये गेली. तेव्हा तिचे गोट जमिनीत होते, डेंगळ्यांना फुलं आली होती. मार्चमध्ये सगळं बंद झालं, आम्ही घरातच, बायकोने एप्रिलमध्ये त्यांचं बी काढलं. अर्धा किलोच्या आत-बाहेर असेल. सुकवून, चिंधीत बांधून माळ्यावर ठेवलं. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दुपारी दोन-तीन तासांत घराची अर्धीअधिक कौलं गेली, आंबा पडला, नागाव-चौलच्या वाड्यांतल्या सुपाऱ्या काड्यांसारख्या मोडल्या. आमच्याकडे वीज आली ती १९ दिवसांनी. वादळाला मी काही बोलत नाही. बी वादळाने नेलं नाही. माळा भिजला होता, मडकं फुटलं होतं, तुंबा मात्र शाबूत खाली पडला होता. मी घर साफ करत होतो, डोकं ठिकाणावर नव्हतं, बायको शेजारच्या म्हातारीला बघायला गेली होती. ओली चिंध्यांची बोचकी, भिजलेल्या कांद्याच्या माळा, फुटकं मडकं आणि त्याबरोबर तो तुंबा, सगळं मी फावड्याने उकिरड्यावर टाकलं. आठ दिवसांनी बायकोने विचारलं, “तुंबा कुठाय?” तोवर त्यावर चिखल, कुजकट पेंढा आणि पाऊस. माठ मात्र उकिरड्यावर उगवला, भरपूर उगवला. बाकी काही नाही.

कौलं मिळेनात म्हणून पत्रे घातले. पत्र्याखाली माळा होत नाही, उन्हाळ्यात भट्टी होते. चूल न्हाणीत गेली. म्हणजे बी ठेवायची जागाही गेली.

पुढच्या हिवाळ्याला मी तुमच्या लेखात सांगितलंय तेच केलं. दुकानातून चकचकीत पाकिटं आणली. एका पाकिटातलं वांगं उत्तम आलं, खोटं का बोलू. जांभळं, चकचकीत, पाकिटावरच्या चित्रासारखं. बायकोने त्यातली दोन पिवळी होईपर्यंत झाडावर ठेवली, बी धरलं, पेरलं. दुसऱ्या वर्षी एका झाडाला लांब, एकाला गोल, एकाला काटेच काटे, चवीला सगळीच पांचट. तेव्हा कृषी सहायकाने समजावलं की संकरित वाणाचं बी धरलं तर उगवतं, पण आईबापांचे गुण पुढे सुटे सुटे होऊन बाहेर पडतात. पाकिटावर हे लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात, आणि माझा चष्मा तेव्हाही दुरुस्तीलाच असावा. कांद्याच्या पाकिटावर ‘पांढरा’ लिहिलं होतं. निघालाही पांढराच. पण तिखट, डोळ्यांतून पाणी काढणारा. आमचा कांदा फळासारखा कच्चा खातात, हा खाऊन नातू रडला. पाकिटांवर माझा राग नाही. कोबी, फ्लॉवर मी आजही पाकिटातलंच लावतो, दुसरं कुठून आणणार? पण ‘दर वर्षी नवीन आणा’ असं सरसकट छापलं की वाचणाऱ्याला वाटतं घरचं बी ठेवणं हा जुना अडाणीपणा आहे.

कांद्याचं पुढे सोपं झालं. गावात चार घरं गोट लावणारी आहेत, त्यांतल्या एकाने मूठभर बी दिलं. आता गादीवाफ्यावर आमचं तरू, म्हणजे लावणीचं कोवळं रोप, उभं आहे, वर पेंढा होता तो परवाच काढला. सहा-सात आठवड्यांचं झालं की खाचरात लावायचं.

वालाची गोष्ट वेगळी. आईचे वाल गावातल्या कुणाकडे तसेच नव्हते. जरा बारीक, पिवळटसर, शिजायला हलके, बिरड्यात अख्खे राहणारे. ते कुठून आले होते ते आठवायला मला दोन वर्षं लागली, आणि आठवलं ते गाडीत. मुरूडला लग्नाला चाललो होतो, एसटीनेच, आता प्रवासी म्हणून. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावला वळण घेतलं आणि चालकाच्या मागच्या खिडकीशी मला एक पिशवी टांगलेली दिसली. कुणाची तरी असेल. पण मला एकदम आईची पुरचुंडी आठवली.

अलिबाग–मुरूड गाडीवर मी बरीच वर्षं होतो. कोरलई, बोर्ली, काशीद, नांदगाव. नांदगावला माझी मावशी. दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर आई माझ्या हातात चिंधीची पुरचुंडी द्यायची. “बाला, एवढं मावशीला दे. पाण्यापासून सांभाळ.” मी ती स्टिअरिंगच्या बाजूच्या कप्प्यात टाकायचो. नांदगावच्या थांब्यावर मावशी किंवा तिचा मुलगा उभा असायचा, पुरचुंडी घ्यायचा, दुसरी द्यायचा. आत काय ते मी एकदाही उघडून बघितलं नाही. आणि ती एकटीच नव्हती. चौलची एक बाई मुरूडच्या लेकीला पाठवायची. बोर्लीचा एक गुरुजी मिरचीची रोपं ओल्या फडक्यात बांधून द्यायचा, ती मात्र दिसायची, कारण माती सांडायची आणि वाहक माझ्यावर ओरडायचा. नियमात हे बसत नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नसावी. पेन्शन फार नाही, त्यातून काय कापाल? तेव्हा मला वाटायचं बायकांचा काहीतरी खाऊ-बिऊ असेल.

लग्न राहिलं बाजूला, नांदगावला उतरलो. मावशी थकलीय, ऐकू कमी येतं. विचारलं, “मावशे, आईने दिलेले वाल आहेत का गं?” ती म्हणाली, “तिने कुठे दिले? मीच तिला दिले होते.” मग म्हणाली, “नाय नाय, आधी मी दिले. मग माझे गेले एका वर्षी मावा कीड पडून, तेव्हा तिने परत दिले.” मडकं काढलं. तेच वाल. पिवळटसर, बारीक. पाव किलो बांधून दिले, चिंधीत नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पण गाठ तशीच. गेली तीन वर्षं ते आमच्या खाचरात आहेत. आभाळ येऊन मावा पडला तर पडला, आता मावशीकडे आहेत, आमच्याकडे आहेत, आणि मी मुद्दाम गावात आणखी दोन घरांत दिलेत.

वांगं जिथून परत आलं ते मी स्वप्नातही शोधलं नसतं. आमच्या घराशेजारी एका मुंबईच्या माणसाचा बंगला आहे. गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाल्यापासून शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट येतात, रविवारी जातात. पुढे हिरवळ, मागे कुंपणाला बोगनवेल. राखणदार आमच्याच गावचा, ती जमीन त्याच्याच चुलत्याने विकलेली. त्या बोगनवेलीच्या मागे, मालकाला दिसणार नाही अशा जागी, त्याने वांगी, चवळी आणि दुधी लावलाय. एकदा वांगी आणून दिली. लांब, हिरवट, पांढऱ्या रेघांची. बायकोने हातात घेतली आणि म्हणाली, “ही तर आपली!” त्याच्या आईने माझ्या आईकडून नेलेली. पाण्याच्या बदल्यात, म्हणे. त्या उन्हाळ्यात आमची विहीर आटली होती. वांगं पिवळं होऊन मऊ पडेपर्यंत झाडावर ठेवायचं, कुस्करून धुवायचं, तळाला बसलेलं बी घ्यायचं, तरंगणारं सोडून द्यायचं, राखेत सुकवायचं. या बियाण्याचं वांगं तिसऱ्या वर्षीही तसंच लांब, तसंच रेघांचं आलंय. सुक्या जवळ्यात घातलं की भाकरी कमी पडते.

तवसं मात्र मिळालेलं नाही. बाजारात काकडीचं बी मिळतं, ती काकडी वेगळी. पावसाळ्यात कुंपणाच्या वईवर चढणारं, आत शिरलं की बाहेर न दिसणारं, पिकून तांबूस होणारं, वाशाला लटकून डिसेंबरपर्यंत राहणारं तवसं मी पाच वर्षं विचारतोय. कुणी म्हणतं रोह्याकडे आहे, कुणी म्हणतं श्रीवर्धनला. गेलो दोन्हीकडे. श्रीवर्धनला एका घरी भिंतीवर शेणाचे गोळे दिसले, माझे पाय थबकले. उकरू दिले त्यांनी. भोपळा निघाला.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती अशीच देशी बियाणी घरात सांभाळून लोकांना दिली म्हणून. आपण त्यांच्यावर लिहिलं आहेच. पण प्रत्येक तालुक्याला राहीबाई मिळणार नाहीत. मडक्यात पाव किलो आणि भिंतीवर दोन गोळे ठेवणारी माणसं मात्र प्रत्येक गावात आहेत. अडचण एवढीच की त्यांना एकमेकांचा पत्ता नाही. पूर्वी तो माझ्यासारख्या चालकांच्या कप्प्यातून फिरायचा. आता मुलीबाळी दुचाकीवरून जातात, मावशीला फोन होतो, फोनमधून बी जात नाही.

म्हणून माझी मागणी. आपल्या पुरवणीत शेवटच्या पानावर ‘पाहिजेत’च्या जाहिराती असतात. जुना टीव्ही, भाड्याने खोली. तिथे सप्टेंबर ते डिसेंबर, आणि पुन्हा मेमध्ये, बियाण्यासाठी फुकट चार ओळी द्या. पाहिजे आणि देणे. मूठभर बियाण्याची, पैशाशिवाय. कायद्याची भीती वाटत असेल तर मी कृषी सहायकाला विचारून घेतलंय. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवायला, पेरायला, देवाणघेवाण करायला, विकायलाही मुभा आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी कंपनीसारखं छाप मारून विकायचं नाही. आणि तारखांऐवजी जिल्हावार सांगा. लातूरला काय करायचं आणि अलिबागला काय, हे एकाच चौकटीत मावत नाही. हवं तर वाल कधी टोकायचे ते आमच्या बायकोला विचारा, फोनवर ती फार स्पष्ट बोलते.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापायचंच असेल तर कोंबड्यांचं कापा. उकिरड्याचं कापू नका, ती माझी चूक आहे आणि ती छापून यावी असं मला वाटतं. नाव मात्र देऊ नका, डेपोतली जुनी मंडळी आपला पेपर वाचतात आणि पुरचुंड्यांचं प्रकरण त्यांना अजून ठाऊक नाही.

पहिल्या चार ओळी माझ्याच घ्या:

पाहिजे : पावसाळी तवशाचं बी. लांब, पिकल्यावर तांबूस होणारं, लटकवून टिकणारं. दहा बिया पुरेत. शेणाच्या गोळ्यासकट चालेल, टपालखर्च माझा.
देणे : कडव्या वालाचं बी, बारीक, पिवळटसर. रेघांच्या लांब वांग्याचं बी. प्रत्येकी मूठभर. संपर्क आपल्या कार्यालयामार्फत, किंवा अलिबाग–मुरूड गाडीच्या चालकाकडे चिंधीत बांधून द्यावं.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी चालक
ता. अलिबाग, जि. रायगड

ता. क. : शेवटची ओळ गमतीने लिहिली होती. बायको म्हणते, राहू द्या.